बिल मागितल्याशिवाय येत नाही

मॅड्रिदमधली आमची पहिलीच दुपार. जेवण आटोपलं, कॉफी झाली आणि आम्ही वाट बघत बसलो. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. वेटर शेजारून ये-जा करतोय, आमच्याकडे बघून हसतोयसुद्धा, पण बिल काही आणत नाही. ग्रुपमधल्या एका काकांचा पारा चढायला लागला. "परदेशी बघून टाळतायत आपल्याला," असं त्यांनी जाहीर करून टाकलं. शेवटी कुणीतरी हात उंचावून हवेत सही केल्याची खूण केली आणि दोन मिनिटांत बिल हजर.

नंतर कळलं ते असं. स्पेनमध्ये न मागता बिल आणून ठेवणं म्हणजे ‘उठा आता’ म्हणण्यासारखं. मुरलेला वेटर ते करत नाही. जेवण संपलंय, ताटं उचलली गेलीयत, पण माणसं अजून उठलेली नाहीत, या वेळेला त्यांच्या भाषेत चक्क स्वतंत्र शब्द आहे: सोब्रेमेसा. आपल्याकडे जेवण झालं की पंगत उठते. त्यांच्याकडे खरी मजा तिथून पुढे सुरू होते.

मुंबईतल्या जुन्या इराण्यांकडे भिंतीवर सूचनांच्या पाट्या असायच्या. फार वेळ बसू नये, राजकीय चर्चा करू नये. गंमत अशी की स्पेनमधल्या जुन्या खाणावळी आणि कॅफे नावारूपाला आले ते नेमके याच दोन गोष्टींमुळे. लोक तिथे फार वेळ बसले, आणि बसून राजकारण बोलले. कविता बोलले, बैलांच्या झुंजी बोलले, एकमेकांची उणीदुणी बोलले.

मग एक साधा हिशेबी प्रश्न उरतो. गिऱ्हाईक एका कॉफीवर चार तास बसणार, रोज बसणार, तर मालकाचं चालायचं कसं? गप्पांचं भाडं कोण भरतं? ‘ऐतिहासिक रेस्टॉरंट, सांस्कृतिक केंद्र’ वगैरे शब्द पर्यटनाच्या माहितीपत्रकात छान दिसतात. पण हे भाड्याचं कोडं सुटल्याशिवाय त्या शब्दांचा अर्थ लागत नाही.

जेवायला परवानगी लागत नाही

पुएर्ता देल सोल हा मॅड्रिदचा मधला चौक. तिथून दोन मिनिटांच्या अंतरावर तेतुआन नावाच्या गल्लीत कासा लाब्रा आहे, १८६० सालचं. इथे दोन ठिकाणी उभं राहावं लागतं. एकीकडे फक्त बाकालाओ, म्हणजे खारवलेला कॉड मासा, भिजवून, पिठात घोळवून तळलेला, आणि त्याच माशाची क्रोकेट. दुसरीकडे बिअर, वाइन, व्हर्मूथ. मासा एका हातात, ग्लास दुसऱ्या हातात, आणि मग तुम्ही कोपरानं जागा करून उभे राहता. मॅड्रिदपासून समुद्र तीनशे किलोमीटर लांब. ताजा मासा येणार कुठून? म्हणून खारा मासा, आणि तोही विशेषतः ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, जेव्हा मटण वर्ज्य. कोकणात सुकटीनं पावसाळा निभावतात, तसा इथे खाऱ्या माशानं उपास निभावला.

२ मे १८७९ या दिवशी इथे पंचवीस माणसं जेवायला जमली. बहुतेक छापखान्यात खिळे जुळवणारे, शिवाय काही डॉक्टर, दोघे जवाहिरे कामगार, एक चांभार. जेवणाचं निमित्त मेजवानीचं, पण उठताना त्यांनी एक पक्ष स्थापन केलेला होता: स्पॅनिश समाजवादी कामगार पक्ष. पुढारी पाब्लो इग्लेसियास, तोही छापखान्यातलाच. त्यानंतर एकतीस वर्षांनी, १९१० मध्ये, तो स्पेनच्या संसदेतला पहिला समाजवादी खासदार झाला. आज स्पेनमधल्या दोन मोठ्या पक्षांपैकी हा एक आहे, आणि कासा लाब्राच्या दारावर त्या जेवणाची पाटी आहे.

खाणावळच का? कारण संघटना स्थापन करण्याचा हक्क देणारा कायदा स्पेनमध्ये आला १८८७ साली. त्याआधी पंचवीस कामगारांनी खोली घेऊन सभा भरवली असती, तर पोलीस दारात उभे राहिले असते. पण पंचवीस माणसं मासे खातायत, यात कुणाला काय संशय येणार? सभेला परवानगी लागते, जेवायला लागत नाही. स्पेनच्या एकोणिसाव्या शतकाचा बराचसा इतिहास या एका पळवाटेतून आलेला आहे. १८२० ते १८२३ ही तीन वर्षं राजाला राज्यघटना मानावी लागली होती, तेव्हा याच परिसरातल्या फोंताना दे ओरो नावाच्या कॅफेत टेबलावर उभं राहून भाषणं व्हायची. सरकार उदारमतवाद्यांचं असूनही त्यांना या कॅफेतल्या मंडळ्यांची धास्ती वाटायला लागली आणि त्यांच्यावर बंधनं आली. तीन वर्षांत राजाची एकतंत्री सत्ताही परत आली, हा भाग वेगळा.

तेर्तुलिया म्हणजे नुसता कट्टा नव्हे

आता या प्रकरणातला मुख्य शब्द. तेर्तुलिया. भाषांतर करायचं तर ‘कट्टा’ म्हणता येईल, पण कट्ट्यावर कुणीही येऊन टेकतं. तेर्तुलियाला शिस्त असते. जागा ठरलेली, वार आणि वेळ ठरलेली, माणसं ठरलेली, टेबलसुद्धा ठरलेलं. ठरलेला नसतो तो फक्त विषय. नवीन माणसाला जुन्यानं घेऊन यावं लागतं आणि पहिले काही आठवडे त्यानं ऐकायचं असतं. शब्दाच्या उगमाबद्दल एक गोष्ट सांगतात. सतराव्या शतकातल्या नाटकगृहांत वरच्या सज्जाला हे नाव होतं. तिथे बसणारे धर्मोपदेशक आणि पंडित बोलताबोलता तेर्तुलियानो या जुन्या ख्रिस्ती लेखकाचे दाखले फेकायचे, म्हणून त्यांची टिंगल करत हे नाव पडलं. गोष्ट खरी असो नसो, दाखले फेकण्याची सवय मात्र टिकली.

दुसरा शब्द मला जास्त आवडतो. रोजच्या गिऱ्हाइकाला स्पॅनिशमध्ये पार्रोकियानो म्हणतात. याचा मूळ अर्थ एखाद्या चर्चच्या हद्दीतला भाविक. म्हणजे कॅफेत रोज येणारा माणूस हा त्या देवळाचा. शहरातला माणूस सहज सांगायचा, मी अमक्या कॅफेचा आहे, जसं आपल्याकडे कुणी सांगतं मी अमक्या आळीचा. त्याला चिठ्ठ्या तिथे यायच्या, निरोप तिथे ठेवले जायचे.

आणि हे फक्त कवींचं खूळ नव्हतं. मज्जासंस्थेच्या रचनेवरच्या कामाबद्दल १९०६ साली नोबेल मिळवणारा शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल वर्षानुवर्षं कॅफे सुइसोतल्या तेर्तुलियात बसायचा. पुढे त्यानं कॅफेतल्या गप्पांवर पुस्तकच लिहिलं. त्या कॅफेचं नाव आज एका गोड पावाला उरलंय, त्याला सुइसो म्हणतात.

घरी का नाही बसायचे? कारण अगदी साधं आहे. घरं लहान, अंधारी आणि हिवाळ्यात गारठलेली. मॅड्रिद समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचावर आहे आणि तिथली थंडी कोरडी, बोचरी असते. कॅफेत शेगडी असायची, दिवा असायचा, वर्तमानपत्रं असायची, आणि वेटरला सांगितलं तर शाई, टाक आणि कागदही मिळायचा. ही सोय इतकी रूढ होती की त्या सामानाला ‘लिहायचा सरंजाम’ अशा अर्थाचं नावच होतं. घरात जे परवडत नव्हतं ते एका कॉफीच्या भावात मिळत होतं. आजही स्पॅनिश माणूस मित्राला भेटायचं तर घरी बोलावण्याऐवजी खाली बारमध्ये ये म्हणतो. बार त्याच्या घराचा दिवाणखाना असतो.

एकच मडकं, तीन पंगती

कॅफे आणि खाणावळ यांत गल्लत नको म्हणून थोडं थांबतो. तावेर्ना म्हणजे दारूचा गुत्ता, सोबत चार घास (गोव्यात तावेर्न हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, तो याचाच भाऊ). मेसोन म्हणजे सराई. रेस्टॉरंट हा प्रकार फ्रान्समधून नंतर आला. जगातलं सर्वांत जुनं रेस्टॉरंट म्हणून गिनेसनं १९८७ मध्ये नोंदवलेलं बोतीन मॅड्रिदमध्येच आहे, कुचियेरोस गल्लीत, १७२५ सालचं. पण सुरुवातीला तिथे जेवण विकतसुद्धा नव्हते. सराईनं मटण किंवा वाइन विकली तर बाकीच्या धंदेवाल्यांच्या पोटावर पाय, म्हणून तशी मनाई होती. मुक्कामाला येणाऱ्यानं आपला शिधा आणायचा आणि सराईनं तो शिजवून द्यायचा. म्हणजे सर्वांत जुन्या रेस्टॉरंटचा जन्म एका भट्टीपासून झाला. ती भट्टी अजून ओकच्या लाकडांवर चालते, आणि मातीच्या परातीत डुकराचं कोवळं पिल्लू भाजलं जातं. शाकाहाऱ्यांनी त्या भट्टीसमोर फार वेळ उभं राहू नये.

माणसं एकत्र बसवण्यात पदार्थाचा हात किती असतो, हे मात्र बोतीनपेक्षा ला बोलात जास्त कळतं. ही १८७० सालची लाल रंगाची खाणावळ, राजवाडा आणि सिनेट (संसदेचं वरिष्ठ सभागृह) यांच्या जवळ. इथला पदार्थ कोसीदो: काबुली चणे, गोमांस, कोंबडी, डुकराची चरबी, चोरिसो (डुकराचा मसालेदार सॉसेज), बटाटा. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळं छोटं मडकं, तळाला फुगीर, मानेला अरुंद, सकाळपासून कोळशावर ठेवलेलं. चार तास तरी ते नुसतं खदखदत असतं. टेबलावर आलं की वेटर मडक्याच्या कानाला फडकं लावून ते धरतो आणि आधी फक्त रस्सा ओततो, ताटलीतल्या बारीक शेवयांवर. चणे आणि मटण आत राहिलं पाहिजे, एकही चणा निसटता कामा नये, हे त्याचं कसब. शेवयांचं सूप संपलं की मगच मडकं पूर्ण उपडं होतं. घरोघरी कोसीदो तीन वेळा वाढतात: आधी रस्सा, मग चणे-भाजी, मग मांस. या वाढपालाच ‘उपडं करणं’ म्हणतात. असलं जेवण वीस मिनिटांत उरकताच येत नाही. पदार्थच तुम्हाला दोन तास बसवून ठेवतो, आणि त्यानंतर कुणाला उठवतंय?

याच ला बोलाबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. पूर्वी तिथे दिवसातून तीनदा कोसीदो वाढला जायचा. दुपारी बाराला सगळ्यांत स्वस्त, कामगारांसाठी. एकला कोंबडी घातलेला, विद्यार्थ्यांसाठी. दोनला मांस आणि चरबीचा, पत्रकार आणि सिनेटरांसाठी. तीच भट्टी, तीच मडकी, तीच टेबलं, आणि तरी कामगार सिनेटरला भेटला नाही. ‘सगळे एकत्र यायचे’ असं जुन्या खाणावळींबद्दल कुणी भावुक होऊन लिहिलं की मला ही तीन घड्याळं आठवतात.

घड्याळावरून आठवलं. स्पॅनिश लोक दुपारी अडीचला जेवतात म्हणून आपण त्यांना आळशी ठरवतो. पण स्पेन आहे इंग्लंडच्या रेखांशावर आणि घड्याळ लावतं बर्लिनचं, कारण मार्च १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारनं काटे एक तास पुढे केले आणि ते पुढेच राहिले. उन्हाळ्यात मॅड्रिदमध्ये सूर्य डोक्यावर येतो सव्वादोनच्या सुमाराला. म्हणजे तेही आपल्यासारखेच माध्यान्हीलाच जेवतात.

चार टाळकी

आता भाड्याकडे. गप्पांवर धंदा उभा करायचा तर काय होतं, याचं उत्तर बार्सिलोनात सापडतं. जून १८९७ मध्ये मोंत्सिओ गल्लीत पेरे रोमेउ या माणसानं एक जागा उघडली. अर्धी खाणावळ, अर्धा बार, अर्धं नाट्यगृह. बेरीज दीड होते हे मला कळतं, पण ती जागाच तशी होती. पैसा आणि डोकं चित्रकार मित्रांचं: रामोन कासास, सांतियागो रुसिन्योल, मिकेल उत्रिलो. रोमेउनं पॅरिसच्या ‘काळं मांजर’ नावाच्या कॅफेत काम केलेलं होतं. बार्सिलोनातल्या जागेचं नाव ठेवलं ‘एल्स क्वात्रे गात्स’, शब्दशः ‘चार मांजरं’. तिथल्या कातालान भाषेत याचा अर्थ आहे अगदी मोजके लोक. मराठीत त्याला तंतोतंत जोडी आहे: चार टाळकी. ‘कोण येणार आहे तिथे? चार टाळकी!’ ही चेष्टा त्यांनी आधीच स्वतःवर करून घेतली.

भिंतीवर कासासचं मोठं चित्र होतं. दोन माणसांच्या सायकलवर पुढे पाइप ओढणारा कासास, मागे हडकुळा रोमेउ, आणि कोपऱ्यात ओळ: सायकल चालवायची तर पाठ ताठ ठेवता येत नाही. तिथे कळसूत्री बाहुल्यांचे खेळ व्हायचे, छायानाट्यं व्हायची, मासिक निघायचं. फेब्रुवारी १९०० मध्ये अठरा वर्षांच्या एका पोरानं तिथे आपलं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन लावलं. बहुतेक चित्रं म्हणजे त्याच कॅफेत बसणाऱ्या माणसांचे चेहरे. पोराचं नाव पाब्लो पिकासो. मेनूकार्डाचं मुखपृष्ठही त्यानं काढून दिलं.

आणि १९०३ मध्ये कॅफे बंद पडलं. सहा वर्षं. आधुनिक कलेच्या इतिहासात ज्याला पान आहे, त्या जागेचं गल्ल्यात काही जमलं नाही. रोमेउला माणसं जमवता यायची, हिशेब नाही. नाव ठेवलं तसंच झालं म्हणायचं. (आज त्याच जागी त्याच नावाचं रेस्टॉरंट आहे, पण ते कित्येक दशकांनी पुन्हा उघडलेलं. सायकलच्या मूळ चित्रासाठी बार्सिलोनाच्या कातालान कला संग्रहालयात जावं लागतं.)

मॅड्रिदच्या पोंबो कॅफेनं वेगळा मार्ग काढला. पोंबो पुएर्ता देल सोलजवळ, कार्रेतास गल्लीत. जुनाट, ठेंगण्या छताचं, गॅसच्या दिव्यांचं. तिथे पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला लेखक रामोन गोमेस दे ला सेर्ना यानं शनिवारी रात्रीची तेर्तुलिया सुरू केली आणि तिला नाव दिलं ‘पोंबोचं पवित्र तळघर’. शनिवार रात्रच. बाकी आठवडाभर पोंबो म्हणजे शेजारपाजारच्या दुकानदारांचं आणि म्हाताऱ्या जोडप्यांचं साधं कॅफे. धंदा त्यांच्यावर, नाव कवींवर.

१९२० साली होसे गुतिएर्रेस सोलानानं या टोळक्याचं जे चित्र काढलं त्यात हे सगळं दिसतं. आज ते मॅड्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात आहे, तेव्हा कॅफेतच लावलेलं होतं. काळ्या कोटांतली नऊ माणसं संगमरवरी टेबलाभोवती, मधे गोमेस दे ला सेर्ना उभा. टेबलावर बाटली, पेले, कप. एकमेकांकडे फारसं कुणी बघत नाही, बरेचसे आपल्याच दिशेला बघतात, जणू आपणच उशिरा आलोय. आणि मागच्या आरशात एक वयस्कर जोडपं दिसतं, चित्राबाहेर कुठेतरी शांत बसलेलं. पुस्तकात या नऊ जणांची नावं असतात. माझ्या मते त्या रात्रीचं भाडं आरशातल्या जोडप्यानं भरलं.

तेर्तुलियाचं कौतुक करताना आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे सगळ्या गप्पा काही मखमली नव्हत्या. १८९९ मध्ये कॅफे दे ला मोंतान्यात लेखक बाय्ये-इन्क्लान आणि पत्रकार मानुएल बुएनो यांचं वाजलं. वाद कशाचा, तर तिसऱ्याच दोघांच्या द्वंद्वयुद्धाचा. बाय्ये-इन्क्लाननं पाण्याची बाटली उचलली, बुएनोनं काठी. फटका डाव्या मनगटावर बसला, जखम चिघळली आणि हात कापावा लागला. शर्टाच्या बाहीचं बटण मनगटात रुतलं होतं असं सांगतात. पुढे दोघांत समेट झाला, आणि हस्तांदोलनासाठी उजवा आहे अजून, असं बाय्ये-इन्क्लान म्हणाल्याची दंतकथाही आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सोलानाच्या टेबलाभोवती एकही बाई नाही. प्रतिष्ठित घरातल्या बाईनं कॅफेत एकटीनं बसणं हेच चर्चेचं कारण व्हायचं. बायकांच्या तेर्तुलिया घरात भरायच्या. १९२६ मध्ये मारिया दे माएस्तु आणि इतर जणींनी मॅड्रिदमध्ये लायसियम क्लब हा बायकांचा क्लब काढला, तेव्हा वाचन-व्याख्यानं करणाऱ्या त्या बायकांवर केवढी आगपाखड झाली. पुरुष शंभर वर्षं हेच करत होते. १९३९ मध्ये यादवी युद्ध फ्रँकोनं जिंकलं आणि तो क्लब संपला.

काडेपेट्यावाला अल्फोन्सो

युद्धानंतर बोलण्याचीच भीती. तरी रेकोलेतोस रस्त्यावरच्या कॅफे हिहोनमध्ये कवी, नट, चित्रकार पुन्हा बसायला लागले. कॅफे १८८८ चं. क्युबात पैसा कमावून परतलेल्या हिहोन गावच्या माणसानं काढलं आणि पुढे विकताना नाव बदलायचं नाही अशी अट घातली. १९४९ मध्ये नट फेर्नांदो फेर्नान गोमेसनं याच कॅफेच्या नावानं कादंबरीला पुरस्कार सुरू केला. तिथे बसणारे बहुतेक कफल्लक होते. एक कॉफी आणि मग पाण्याचे ग्लास, असा हिशेब. वेटर उधारी लिहून ठेवायचे.

आणि दाराशी होता अल्फोन्सो. सिगारेटी, काडेपेट्या, लॉटरीची तिकिटं विकणारा. तीसेक वर्षं तो त्याच कोपऱ्यात बसला. निरोप ठेवायचा तर त्याच्याकडे, महिनाअखेरीला हातउसने घ्यायचे तर त्याच्याकडे. लेखकांना पैसे देणारा काडेपेट्यावाला! २००६ मध्ये तो गेला. मित्रांनी त्याच्या जागेवर पाटी लावली, तिचा आशय असा: इथे तंबाखू विकली आणि आयुष्य सरताना पाहिलं अल्फोन्सोनं, काडेपेट्यावाला आणि अराजकवादी.

म्हणजे भाडं थोडं वेटरच्या उधारीतून गेलं, थोडं अल्फोन्सोच्या खिशातून, थोडं आरशातल्या जोडप्याकडून. पण यानं शंभर वर्षं निघत नाहीत. मोठा वाटा भरला तो जागेच्या मालकानं, आणि तोही खुशीनं नव्हे. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे लगेच कळेल, कारण आपल्याकडे पागडी आहे. स्पेनमध्ये जुन्या भाडेकराराला आपोआप मुदतवाढ मिळायची. १९६४ च्या कायद्यानं ही पद्धत घरांना आणि दुकानांनाही पक्की केली. भाडेकरू निघत नाही, भाडं फारसं वाढत नाही. शहराच्या ऐन मध्यावर, सोन्याच्या भावाच्या जागेत, एक म्हातारा एका कॉफीवर दुपार काढू शकत होता तो यामुळे. त्यात मालकावर अन्याय होता, हेही खरंच.

१९८५ मध्ये नव्या करारांसाठी हे बंद झालं. १९९४ च्या कायद्यानं जुन्यांना मुदत दिली. अनेक दुकानांसाठी ती वीस वर्षांची होती आणि ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री संपली. १ जानेवारीपासून भाडं बाजारभावानं. त्यानंतर मॅड्रिद-बार्सिलोनातली कितीतरी जुनी दुकानं, खेळण्यांची, टोप्यांची, पुस्तकांची, एकामागून एक बंद झाली. जी टिकली त्यांतल्या बऱ्याच जणांकडे जागा स्वतःची होती किंवा गल्ल्यावर पर्यटक होते. मॅड्रिद महापालिकेनं शंभरी गाठलेल्या दुकानांसमोर फुटपाथमध्ये व्यंगचित्रकार मिंगोतेनं रेखाटलेली धातूची पाटी बसवलीय. सुंदर पाटी आहे. भाडं मात्र पाटीला भरता येत नाही.

जुलै २०१५ मध्ये १८८७ सालचं कॅफे कोमेर्सियाल एका सकाळी अचानक बंद झालं. लोक आले तर दार लावलेलं. मग त्यांनी काचेवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली, दोन दिवसांत काच दिसेनाशी झाली. २०१७ मध्ये ते पुन्हा उघडलं, नव्या व्यवस्थापनाखाली, चकचकीत आणि महाग. १८३९ सालचं लार्दी हे मॅड्रिदचं रेस्टॉरंट कोरोनाच्या महामारीत कर्जात बुडालं, २०२१ मध्ये मासळीच्या एका मोठ्या कंपनीनं ते विकत घेतलं.

लार्दीत शेवटच्या दिवशी आम्ही गेलो. वरच्या मजल्यावरची जपानी खोली, जिथे मंत्र्यांची खलबतं चालायची, ती आपल्या खिशातली नव्हे. पण खाली दुकानात चांदीचा समोवार आहे, त्यात गरम रस्सा असतो. कप घ्यायचा, तोटी फिरवायची, आपलं आपण ओतून घ्यायचं. काचेच्या कपाटातून क्रोकेटही आपणच घ्यायची. कुणी मोजत नाही. निघताना किती घेतलं ते सांगायचं आणि तेवढे पैसे द्यायचे, अशी पूर्वापार रीत. आमच्या काकांनी तीन कप घेतले, बराच वेळ बोटांवर मोजलं आणि गल्ल्यावर जाऊन चार सांगितले.